सांगोल्याचे मुखत्यार

'लोकप्रतिनिधी' हा विषय यंदाच्या अंकासाठी संपादकांनी सुचविला, तेव्हा मुख्यमंत्र्यांपासून मंत्र्यांपर्यंत कितीतरी नावे डोळ्यांपुढून गेली. परंतु सत्तेच्या जवळ जाण्यासाठी ज्याने आपली जागा कधी बदलली नाही, ज्याने एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि एकच मुख्य प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ उराशी धरला, अशा माणसाच्या मुलखात गेल्याखेरीज या विषयाचे मर्म हाती लागणार नाही अशी माझी धारणा होती. म्हणून मी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याची वाट धरली.

गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने या मतदारसंघातून प्रथम विधानसभेत गेले. पुढे २०१४ पर्यंत ते याच जागेवर, याच पक्षाकडून १३ वेळा उभे राहिले, ११ वेळा निवडून आले आणि दोनदा पडले. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि अखेरच्या कार्यकालात देवेंद्र फडणवीस. या दोहोंच्या दरम्यान मुंबईतील विधानभवनाची वास्तूसुद्धा बदलली, १९८१ साली सभागृह जुन्या कौन्सिल हॉलमधून नरिमन पॉइंटला गेले. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ९४ वर्षे पूर्ण झालेली होती. तालुका त्यांना 'आबासाहेब' म्हणे आणि अजूनही त्यांच्याविषयी बोलताना वर्तमानकाळच वापरतो.

इतक्या दीर्घ कारकीर्दीचे कौतुक करताना आपण बहुधा आकड्यापाशी थांबतो. वस्तुतः दीर्घकाळ टिकणे हा काही स्वतंत्र गुण नव्हे. जागा अडवून बसणारेही पुष्कळ टिकतात. त्या काळाचा विनियोग कशाकरिता झाला, हे पाहिले पाहिजे. सांगोल्यात हिंडताना मला जे दिसले त्याचे सार असे, की गणपतरावांनी आमदारकीला अधिकारपद न मानता मुखत्यारकी मानले: ज्याला स्वतः सरकारदरबारी पोचता येत नाही, त्याच्या वतीने, त्याच्या कागदांनिशी, त्याचे म्हणणे निकाल लागेपर्यंत मांडत राहण्याचे काम.

पावसाने वगळलेला मुलूख

पंढरपूर सोडून नैऋत्येकडे निघाले की अर्ध्या-पाऊण तासात भूमीचा वर्ण पालटू लागतो. काळी कसदार जमीन मागे पडते, मुरमाड माळ पुढे येतो, बाभळी आणि बोरी विरळ होत जातात, आणि आडव्या पसरलेल्या क्षितिजावर एखादा मेंढ्यांचा कळप तेवढा हलताना दिसतो. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाच्या छायेत येणारा हा माणदेश. माण, आटपाडी, जत आणि सांगोला हे त्याचे तालुके. माण नदी सांगोल्यातून वाहते असे भूगोलाच्या पुस्तकात असले, तरी वर्षातील बहुतेक दिवस तिचे पात्र वाळूचेच असते. मृगाचा भरवसा धरावा असा हा मुलूख नाही. येथील शेतकऱ्याची नजर परतीच्या पावसाकडे, हस्त-चित्रा नक्षत्रांकडे लागलेली असते, कारण रब्बीची ज्वारी त्यावरच उभी राहायची असते.

रविवारच्या जनावरांच्या बाजारात या मुलखाची स्थिती एका दृष्टिक्षेपात समजते. पांढऱ्याशुभ्र, काटक, शिंगांची कमान मागे झुकलेल्या खिल्लार जनावरांच्या दावणीच्या दावणी तेथे उभ्या असतात. खरेदीदार गोऱ्ह्याचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, दोनचार पावले चालवून खुरांची ठेवण न्याहाळतो. पाऊस चांगला झाला असेल तर विकणारा घाईत नसतो. दुष्काळात हाच बाजार ओसंडून जातो, कारण वैरण संपलेली असते आणि दावणीला उपाशी जनावर पाहण्यापेक्षा मिळेल त्या किमतीला ते सोडणे माणसाला कमी क्लेशाचे वाटते. बाजारातल्या वृद्धांशी बोलताना आबासाहेबांचे नाव काढले, की गोष्ट हटकून एखाद्या दुष्काळाशी जाऊन पोचते. अमक्या साली छावणी उघडली, तमक्या साली टँकर वाढवून मिळाले, अशी येथील लोकांची कालगणना आहे.

अशा मुलखातून निवडून जाणाऱ्या माणसापाशी साखर कारखान्याच्या जोरावर उभे राहणारे राजकारण असण्याचा संभव नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात ऊस, कारखाना, बँक आणि बाजार समिती या साखळीवर कित्येक घराणी उभी राहिली. गणपतराव मात्र मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे, धनगर समाजातले, वकिलीचे शिक्षण घेऊन सांगोल्यात स्थिरावलेले, आणि पक्षही असा की ज्याला सत्तेत वाटा मिळण्याचे योग क्वचितच यायचे. त्यामुळे त्यांना जे साधावयाचे होते ते विरोधी बाकावर बसून, सभागृहाच्या नियमांच्या द्वाराच साधणे भाग होते.

सभागृहाची अवजारे

विधानसभेचे काम बाहेरून पाहणाऱ्याला भाषणांचे आणि गोंधळाचे वाटते. परंतु लहान पक्षाच्या सदस्याला भाषणाला मिळणारा वेळ मोजका असतो, आणि मतदानाच्या वेळी त्याच्या हाताचे वजन ते किती! त्याची खरी शक्ती नियमावलीत दडलेली असते. तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे हे, की ते उत्तर तयार करण्यासाठी मंत्रालयातील कक्षापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत आणि तेथून तालुक्यापर्यंत माहितीची मागणी उतरत जाते. जी नस्ती वर्षभर हलली नव्हती ती आठवड्याभरात टेबलावरून टेबलावर जाऊ लागते. कित्येकदा प्रश्न सभागृहात पुकारला जाण्यापूर्वीच गावातील काम मार्गी लागते, आणि ज्याचे काम झाले त्याला त्यामागील प्रश्नाचा पत्ताही नसतो.

लक्षवेधी सूचनेचे कार्य निराळे. तातडीच्या सार्वजनिक बाबीवर मंत्र्याचे निवेदन त्यातून मिळते. अंदाजपत्रकातील मागण्यांवर कपात सूचना देता येते. तरतुदीतून शंभर रुपये कमी करावेत असे तीत लाक्षणिक म्हटलेले असते. परंतु त्या शंभर रुपयांच्या आधाराने एखाद्या अर्धवट तलावाची किंवा रखडलेल्या रस्त्याची सारी हकीकत दप्तरात नोंदविता येते. मंत्री उत्तरात जे आश्वासन देतात ते हवेत विरत नाही. आश्वासन समिती त्याची नोंद घेते आणि पूर्तता झाली की नाही याची विचारणा करते. मात्र हे चक्र फिरत राहण्यासाठी, तीन वर्षांपूर्वी कोणी काय सांगितले होते हे ध्यानात असणारा आणि ते कागद काढून पुन्हा विचारणारा सदस्य लागतो.

गणपतरावांचा लौकिक अशाच सदस्याचा होता. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात आणि पुन्हा १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. परंतु ही दोन्ही मंत्रिपदे एकत्र केली तरी त्यांच्या कारकीर्दीचा अल्प अंशच भरेल. उरलेला सारा काळ विचारण्यात गेला. मुख्यमंत्री बदलले, खात्यांची नावे बदलली, अधिकारी निवृत्त झाले, आणि सांगोल्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र त्याच मुखाने, अधिकाधिक पुराव्यानिशी, सभागृहापुढे येत राहिला. शासनयंत्रणेला विस्मरणाची जी व्याधी असते, तिच्यावर एका सदस्याच्या स्मरणशक्तीने केलेला हा उपचार होता.

पैसेवारी आणि हजेरीपट

तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली बसलेला अर्जनवीस, त्याच्यापुढे उकिडवे बसलेले खातेदार, सातबाऱ्याच्या नकला, फेरफाराच्या तक्रारी, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र सारखेच. मी गेलो त्या दिवशी एक वृद्ध बाई घडी घालून घालून दुमडीवर फाटू लागलेला अर्ज पदराच्या टोकात बांधून आल्या होत्या. निराधार अनुदानाचा तो अर्ज होता. त्यावर जुनी आवक नोंद होती, शिक्का होता आणि खाली समासात कोणीतरी पेन्सिलीने पुढच्या खेपेची तारीख लिहून दिली होती. राज्यकारभार म्हणजे सामान्य माणसाच्या लेखी बहुतेक वेळा असा एक कागद असतो, आणि आमदाराचा निम्मा दिवस अशा कागदांत जातो.

दुष्काळी तालुक्यात या कागदांपैकी सर्वांत महत्त्वाचा कागद पैसेवारीचा. गावात पीक किती आले याचा अंदाज प्रथम नजरेने केला जातो, मग सुधारला जातो, आणि निवडक शिवारांत प्रत्यक्ष पीक कापून, मळून, वजन करून अंतिम आकडा ठरतो. तो पन्नास पैशांच्या खाली आला तर सारासूट, कर्जवसुलीची तहकुबी, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींची दारे उघडत. पन्नासच्या वर एक पैसा गेला की ती मिटत. शेताच्या बांधावर उभे राहून केलेल्या एका अंदाजावर गावाचे वर्ष अवलंबून असे. अलीकडे दुष्काळ ठरविण्याच्या निकषांत पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहावरून मोजलेली हिरवाई यांचा समावेश झाला असला, तरी कागद आणि शिवार यांतील अंतर पाहणारा डोळा तेव्हा जितका आवश्यक होता तितकाच आजही आहे.

दुसरा कागद हजेरीपटाचा. १९७२ च्या दुष्काळात या भागातील हजारो स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकाराला आलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या दुष्काळाने बळ दिले. १९७७ साली विधिमंडळाने कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला खरा, पण तो हक्क बजावण्यासाठी मागणीचा नमुना भरावा लागतो, काम मंजूर व्हावे लागते, मोजमाप वेळेवर व्हावे लागते, आणि हजेरीपटावरील नाव मजुरीच्या दिवशी गळालेले नसावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जाब विचारणारा असावा लागतो. सांगोल्यात तो होता.

रोजगार हमीने येथील माळाचे रूपही पालटले. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली, खड्डे खणण्याची मजुरी शेतकऱ्याला स्वतःच्या रानात मिळू लागली, आणि ज्या मुरमात ज्वारीही धड येत नव्हती तेथे बोर आणि डाळिंब उभे राहिले. डाळिंबाला पाणी थोडे लागते, आणि बहार धरण्यासाठी तर ते मुद्दाम तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाण्याच्या अभावाचीच येथे युक्ती झाली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, ती या कष्टाच्या पायावरच.

परंतु समृद्धीचा हा अध्यायही निर्वेध नाही. एका बागेत मालकाने मला झाडाच्या बुंध्याशी बसवून दाखविले: टाचणी टोचावी एवढी छिद्रे, आणि त्यांतून बाहेर पडलेली लाकडाची बारीक भुकटी. वरची पाने तेवढी पिवळी पडलेली. खोड आतून पोखरले गेले होते. शेजारच्या पट्ट्यात झाडे उपटून काढलेली होती आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवल्या होत्या. आधी तेल्याने, मग मर रोगाने आणि आता खोडकिडीने या तालुक्यातील कितीतरी बागा गेल्या.

पाण्याची दीर्घ वाट

कृष्णेचे पाणी माणदेशात यावे, ही मागणी ऐकावयास सोपी वाटते. परंतु कृष्णा वाहते ती पश्चिमेला आणि सखल, तर हा मुलूख तिच्यापासून दूर आणि उंचावर. पाणी पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्याने चढवून, कालव्यांनी आणि नलिकांनी आणावे लागते. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून पाणी उचलणारी योजना सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे ८० हजार हेक्टरांसाठी आखली गेली. सांगोला तिच्या शेवटाकडचा. म्हैसाळ योजना आणि नीरेचा उजवा कालवा यांच्याही लाभक्षेत्रात तालुक्याचा भाग येतो, तोही पुच्छाकडेच. कालव्याच्या शेपटाला असणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही: वरच्यांची तहान भागल्यावर जे उरेल ते.

१९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा, गणपतराव, भारत पाटणकर अशी मंडळी त्या व्यासपीठावर एकत्र आली, आणि सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांचा आवाज प्रथमच एक झाला. या चळवळीचे वैशिष्ट्य असे, की तिने 'आम्हाला पाणी द्या' एवढेच म्हटले नाही; आलेले पाणी कसे वाटावयाचे हेही आधीच सांगितले. ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक, हा प्रचलित शिरस्ता तिने नाकारला आणि पाण्याचा वाटा क्षेत्राला न देता कुटुंबाला द्यावा, भूमिहीनालाही त्यातून वगळू नये, असा समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. उघड्या कालव्यांऐवजी बंद नलिकांतून पाणी नेण्याचा विचार याच मंथनातून बळावला. नलिकेमुळे जमीन कमी जाते, पाणी झिरपत नाही आणि मोजूनही देता येते.

सभागृहात प्रश्न विचारणारा आमदार आणि परिषदेत हजारो शेतकऱ्यांपुढे उभा राहणारा कार्यकर्ता, ही गणपतरावांची दोन रूपे येथे परस्परपूरक ठरली. बाहेर लोकांचा रेटा नसेल तर आतील प्रश्नाला शब्दांपलीकडे वजन येत नाही. आणि आतील नियमांचे ज्ञान नसेल तर बाहेरचा रेटा निवेदनापाशी थबकतो. पाणी आले तेही एकदम आले नाही. एखाद्या ओढ्यात, एखाद्या तलावात, काही आवर्तनांत, तुटक तुटक येत गेले. उपशाच्या वीजबिलाचा प्रश्नही मोठा होता. ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलावा असा निर्णय झाला, तेव्हा कोठे पंप नियमितपणे चालण्याची आशा निर्माण झाली. आजही तालुक्याची काही गावे ओलिताखाली आलेली आहेत आणि काही टँकरकडे पाहत आहेत. हे काम पुरे झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

कापसाविना सूतगिरणी

सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी हा गणपतरावांच्या कर्तृत्वाचा सर्वांत दृश्य पुरावा. तालुक्यात कापसाचे पीक नाही. गाठी दूरच्या मुलखातून आणाव्या लागतात. तरीही गिरणी येथे काढली, कारण पावसावर अवलंबून नसलेली मजुरी गावाला मिळावी, हा हेतू होता. तिच्या मागोमाग स्त्रियांसाठी वेगळी सूतगिरणीही उभी राहिली. सूतगिरणीचे काम निष्ठुर हिशेबाचे असते: गाठ फुटते, कापूस पिंजला जातो, त्याचा पेळू होतो, पेळूचा जाड धागा आणि रिंग फ्रेमच्या चात्यांवर शेवटी सूत; आणि या प्रत्येक टप्प्यावर किती कापूस वाया गेला, किती वीज जळली, कोणत्या भावाने गाठ घेतली होती, यावर महिनाअखेरचा नफातोटा ठरतो. सरकारी भागभांडवलावर निघालेल्या कित्येक सहकारी गिरण्या महाराष्ट्रात कुलूपबंद झालेल्या असताना सांगोल्याची गिरणी चालत राहिली, ती खरेदीतील शुचिता आणि खर्चातील काटकसर यांमुळे, असे सहकारातील जाणकार मानतात.

ही काटकसर त्यांच्या वैयक्तिक जीवनातही तितकीच होती. एस.टी.च्या गाडीत आमदारांसाठी राखीव अशी जागा असते. बहुतेक आमदारांनी ती कधी पाहिलेलीही नसेल. गणपतरावांचा एस.टी.चा प्रवास मात्र प्रसिद्धच होता. याला साधेपणाचे प्रदर्शन म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या प्रवासाचे फळ प्रत्यक्ष होते: शेजारी येऊन बसणाऱ्या कोणालाही चिठ्ठीचपाटीशिवाय, मध्यस्थाशिवाय आपली हकीकत सांगता येई.

पराभव आणि वारसा

दोन पराभवांचा उल्लेख टाळून ही कथा सांगता येणार नाही. १९७२ साली ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी त्यांना दोनशेहूनही कमी मतांनी हरविले. एवढ्या निसटत्या पराभवानंतर वय, पक्षाची क्षीण झालेली शक्ती आणि बदललेले राजकारण पाहून दुसरा कोणी थांबला असता किंवा दुसऱ्या झेंड्याखाली गेला असता. गणपतराव लाल बावट्याखालीच राहिले आणि १९९९ साली पुन्हा निवडून आले. मतदारानेच पाडावे आणि मतदारानेच उचलावे, यात लोकशाहीचे आरोग्य आहे. ज्याला कधीच कोणी पाडू शकत नाही अशा प्रतिनिधीविषयी आपण साशंक असले पाहिजे.

या कारकीर्दीची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. तालुक्याचा प्रत्येक अर्ज एका माणसाच्या दारी जाऊ लागला, की संस्थांचे दार ठोठावण्याची सवय क्षीण होते. १ मे १९६२ रोजी, म्हणजे गणपतराव प्रथम निवडून गेले त्याच वर्षी, राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. स्थानिक कामे तेथे व्हावीत आणि आमदाराने कायदे व धोरण पाहावे, अशी ती रचना होती. प्रत्यक्षात साऱ्या महाराष्ट्रात आमदार हाच रस्त्याचा, विहिरीचा आणि बदलीचा धनी होऊन बसला. सांगोलाही याला पूर्णतः अपवाद नव्हता. शिवाय राज्यभर शेतकरी कामगार पक्षाचे बळ ओसरत गेले, ते एका माणसाच्या पुण्याईने थोपविता आले नाही. २०१९ साली त्यांचे नातू अनिकेत देशमुख थोडक्या मतांनी पडले आणि २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख याच पक्षाकडून निवडून आले. घराणेशाहीवर टीका करीत आलेल्या पक्षाला हा वारसा नातवांकडे द्यावा लागला, याचा विचार त्या पक्षाने अवश्य करावा. मात्र मत मागताना त्या नातवांना पाण्याचाच हिशेब द्यावा लागला, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत आज २८८ सदस्य आहेत. त्यांपैकी कितीजण किती वेळा निवडून आले हे मोजण्याऐवजी, त्यांनी विचारलेला एखादा प्रश्न किती वर्षे पुढे नेला, हे मतदाराने विचारावयास हवे. धरण बांधण्यास जितकी वर्षे लागतात तितकी वर्षे स्मरण ठेवणारा प्रतिनिधी नसेल, तर पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत विभागलेली लोकशाही दीर्घ मुदतीचे कोणतेही काम तडीस नेऊ शकणार नाही. गणपतरावांनी ते स्मरण एकट्याने वाहिले, ही त्यांची थोरवी आहे. यापुढे ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात, पाणीवापर संस्थेच्या नोंदवहीत आणि पैसेवारीच्या आकड्याला हरकत घेणाऱ्या साध्या खातेदाराच्या अर्जात उतरले पाहिजे. मुखत्याराने आपले काम चोख केले. आता दाव्याचे कागद अशिलाने स्वतः वाचावयास शिकले पाहिजे.